2007 ची राष्ट्रपती निवडणूक आणि आमच्या घरातले दोन पक्ष

हतनूरकर

परवा दुकानाचा माळा आवरताना एका बियाणे कंपनीचं 2007 चं कॅलेंडर सापडलं. जून आणि जुलैची पानं उलटी करून नानांनी (माझे वडील) मागच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड केलेली. निळ्या शाईत एक रकाना, लाल शाईत दुसरा, आणि जे नक्की नाही ते शिसपेनने. वरती मथळा: 'शेखावत / ताई'. ते पान घेऊन तिथेच पायरीवर बसलो. म्हटलं, इथे लिहूनच काढू.

आधीच सांगतो, हा निष्पक्ष धागा नाही. मी तेव्हा चोवीसचा होतो, मुक्ताईनगर तालुक्यात नानांच्या खत-बियाण्यांच्या दुकानात बसायचो आणि जन्मापासून नानांच्या पक्षाचा होतो. नाना म्हणजे पणतीवाले (पणती ही जनसंघाची निशाणी, पुढे त्याचाच भाजप झाला). जनसंघाच्या काळात भिंतीवर गेरूने पणती रंगवलेले, आणीबाणीत मिसा कायद्याखाली नाशिकरोडच्या तुरुंगात एकोणीस महिने काढलेले. काँग्रेस हा शब्द ते घशाच्या वेगळ्याच भागातून काढत.

आणि आईचं माहेर नाडगाव. तेच नाडगाव, बोदवडजवळचं, जिथे 19 डिसेंबर 1934 ला प्रतिभाताई पाटलांचा जन्म झाला.

14 जूनला संध्याकाळी काँग्रेस आघाडीच्या उमेदवाराचं नाव जाहीर झालं. तोवर टीव्हीवर शिवराज पाटील, सुशीलकुमार शिंदे, करणसिंग अशी नावं फिरत होती आणि नाना प्रत्येक नावावर खूश होते, कारण डाव्यांना एकही पसंत पडत नव्हतं. मग एकदम ताई. जयपूरच्या राजभवनात होत्या त्या, 2004 पासून राज्यपाल. आमच्याकडे तेव्हा लाइट नव्हती (दिवसाला दहा-बारा तास लोडशेडिंग, आठवतंय ना?), त्यामुळे बातमी टीव्हीआधी फोनवर आली. मामाचा फोन. आईने रिसीव्हर कानाला लावला, 'काय सांगतो!' म्हणाली आणि रिसीव्हर तसाच लोंबकळत ठेवून देवापुढे दिवा लावायला गेली. मामा पलीकडून हॅलो हॅलो करतोय.

नाना म्हणाले, 'अगं, उमेदवारी मिळाली, निवडून नाही आली अजून.'

आई म्हणाली, 'ताई आजवर पडली का कुठे?'

याला उत्तर नव्हतं. 1962 ला सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून आमदार. मग 1967 पासून चार वेळा एदलाबाद, म्हणजे आत्ताचं मुक्ताईनगर. मग राज्यसभा, तिथलं उपसभापतिपद, 1991 ला अमरावतीतून लोकसभा. नानांनी त्यांच्याविरुद्ध चार वेळा प्रचार केला होता आणि चारही वेळा पडले होते. म्हणजे त्यांचा उमेदवार पडला होता, पण नाना 'मी पडलो' असंच म्हणत.

नानांचा माणूस समोर उभा होता तोही काही ऐरागैरा नव्हता. भैरोसिंह शेखावत, उपराष्ट्रपती, तीनदा राजस्थानचे मुख्यमंत्री, 1952 पासूनचे जनसंघी. 1977 ला राजस्थानात अंत्योदय योजना त्यांनी आणली, हे नाना गिऱ्हाइकाला युरियाच्या गोणीबरोबर फुकट सांगत. उभे अपक्ष म्हणून राहिले, पाठिंबा रालोआचा, म्हणजे भाजपच्या आघाडीचा. गंमत म्हणजे ताईंचे यजमानही शेखावतच, मूळ घराणं त्याच सीकर जिल्ह्यातलं. दुकानात एकाने विचारलं, 'नाना, मग ही भाऊबंदकी हाय का?'

आता कॅलेंडर. नानांनी हिशोब खरं तर मेपासूनच मांडला होता. 11 मेला उत्तर प्रदेशचा निकाल लागला, मायावतींचे 206 आमदार आले, आणि नानांनी बिलबुकाच्या मागे 206 गुणिले 208 केलं. 42,848. म्हणाले, 'राष्ट्रपती लखनौला ठरला. दिल्लीत नुसती सही व्हायचीय.' उत्तर प्रदेशच्या एका आमदाराच्या मताची किंमत 208, आपल्या महाराष्ट्राची 175, बिहार 173, गुजरात 147, राजस्थान 129, आणि सिक्कीमचा बिचारा 7. खासदार कुठलाही असो, 708. ही यादी नानांना बाजारभावासारखी पाठ होती. आजही कापसाचा भाव विसरेन पण 708 विसरणार नाही.

पण स्वतःच लखनौला ठरला म्हणणारा माणूस पुढचे दोन महिने रोज रात्री कंदिलाच्या उजेडात बेरीज करत होता. हे मला तेव्हा कळत नव्हतं. निकाल माहीत असताना माणूस इतकं का घासतो?

जून संपता संपता शिवसेनेने व्हिप काढून ताईंना पाठिंबा दिला. बाळासाहेबांनी सांगितलं, मराठी व्यक्ती राष्ट्रपती होतेय, विषय संपला. त्या रात्री नानांनी निळ्या रकान्यातून आकडे खोडले. 2004 ला सेनेचे 62 आमदार आले होते, गुणिले 175, झाले 10,850. बारा खासदार गुणिले 708, झाले 8,496. (नारायण राणे सेना सोडून गेल्यावरची गळती त्यांनी कंसात वेगळी लिहिलीय, ती मला लागत नाही.) एकूण 19,346 इकडून गेले, तिकडे मिळाले, म्हणजे फरक दुप्पट. लाल शाईत 38,692 लिहून त्याखाली दोन रेघा. कागद फाटलाय तिथे.

आई भाकरी थापता थापता म्हणाली, 'बाळासायबाले कळलं. तुमाले कळंना.'

पंधरा दिवस आमच्या घरात भरीत झालं नाही. नानांना भरीत आवडतं. समजून घ्या.

आरोप सुरू झाले तेव्हा नाना जरा सावरले. बँकेचं प्रकरण, साखर कारखान्याचं प्रकरण, उदयपूरला घुंगटाबद्दल केलेलं ते विधान. नाना पेपरातली कात्रणं काउंटरवर वजनाखाली ठेवत, गिऱ्हाईक आलं की सरकवत. लोक वाचायचे, 'बरं' म्हणायचे आणि विचारायचे, 'पण नाना, आपली ताई हाय ना?' पक्षाचा कार्यकर्ता म्हणून एवढी हतबलता मी दुसऱ्या कुठल्या निवडणुकीत पाहिली नाही. ज्यांना पटवायचं त्यांना मत नाही, ज्यांना मत आहे ते मुंबई-दिल्लीत. आणि पटवायला उभा असलेल्या माणसाची बायको आतून मोठ्याने रेडिओ लावतेय.

19 जुलैला मतदान, 21 ला, शनिवारी, मोजणी. 6,38,116 विरुद्ध 3,31,306. नानांनी शेखावतांना साडेचार लाख धरले होते. त्यांचा सगळा भरवसा गुप्त मतदानावर होता, 'आतल्या आत लोक भैरोसिंहांना देतील'. गावात फटाके. आईने खोबरं-साखर वाटली, दुकानातल्या हमालालाही दिली. नानांपुढे वाटी धरली तेव्हा त्यांनी चिमूटभर घेतली आणि म्हणाले, 'साखर घेतोय. मत नाही.'

मुक्ताईची पालखी तेव्हा पंढरपूरच्या वाटेवर होती. आईचा हिशोब साधा: पालखी विठोबाला भेटायच्या आत ताई दिल्लीत बसली पाहिजे. शपथविधी 25 जुलैला झाला, आषाढी 26 ला. तिचा हिशोब बसला.

तुमच्याकडे काय झालं होतं त्या दिवसांत? जळगावात, धुळ्याला, कुठेही. पक्षासकट सांगा, उगाच तटस्थपणाचा आव नको.

केळीचा_घड

खुर्ची ओढून बसलोय. मी रावेरचा. आमच्या बागेतला सालदार 19 तारखेला सकाळी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून आला आणि म्हणाला, 'मतदान कुठी हाय? शाळेत का?' त्याला समजावता समजावता वडिलांचा घसा बसला. शेवटी तो म्हणाला, 'मंग आपल्या ताईले आपणच मत द्यायचं नाही, हे कोन ठरवलं?' घटना समितीने ठरवलं हे त्याला काही पटलं नाही.

भरीत बंद ही मात्र आणीबाणीच म्हणायची. मिसापेक्षा वाईट.

घटना_कलम

लेख चांगला आहे, पण एक चूक दुरुस्त करा. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत व्हिप काढता येत नाही. पक्ष आवाहन करतो, आदेश देत नाही, आणि कोणी उलटं मत दिलं तरी त्यावर पक्षांतरबंदी लागत नाही. मतपत्रिकाही दाखवायची नसते. खासदारांची हिरवी, आमदारांची गुलाबी.

दुसरं, ती 175 कुठून येते ते कोणी विचारलं नाही म्हणून सांगतो. 1971 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 5,04,12,235. भागिले 288 आमदार, भागिले 1000. आज लोकसंख्या दुपटीच्या वर गेली तरी भाव तोच, कारण आकडा 1971 ला गोठवून ठेवलाय. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन केलं त्यांचं वजन घटू नये म्हणून. विधान परिषदेच्या आमदारांना मत नाही, नामनियुक्त खासदारांनाही नाही.

हतनूरकर

व्हिपचं मान्य. दुरुस्त करत नाही, राहू देतो, कारण त्या काळात आमच्या दुकानात सगळे 'व्हिप'च म्हणत होते.

परिषदेवरून आठवलं. चहाच्या टपरीवर एकाने पैज लावली होती की विधान परिषदेचे आमदारही मत देतात. नानांनी त्याच्याकडून पन्नास रुपये जिंकले. त्या निवडणुकीतली आमच्या बाजूची एकमेव कमाई.

बॅलन्सशीट

सगळे गोड गोड आठवणी काढताहेत म्हणून मी जरा कडू बोलतो.

मी जळगावचा, तेव्हा एका सीएकडे आर्टिकलशिप करत होतो. कुठल्याच पक्षाचा नव्हतो, पण त्या महिन्यात ताईंच्या विरोधात झालो. कारण सांगतो. माझ्या मावशीने नवऱ्याचे फंडाचे पैसे एका पतसंस्थेत ठेवले होते आणि ते अडकले. त्या संस्थेचा आणि या निवडणुकीचा काडीचा संबंध नाही, हे ठळक अक्षरात समजा. पण मावशी दर सोमवारी पासबुक पिशवीत घालून जायची, बाकावर बसायची, दुपारी परत यायची. मॅनेजर साहेब आले नाहीत, पुढच्या सोमवारी या. पासबुकाच्या कडा झिजून कापडासारख्या झाल्या होत्या. असं घरात चालू असताना टीव्हीवर 'सहकारी बँक', 'परवाना रद्द' असे शब्द ऐकले की रक्त तापायचं. मी म्हणायचो, आरोप खरे की खोटे ते नंतर, पण गावातला एक माणूस तरी विचारतोय का? सगळे गुलालात.

आणि याच मावशीने, हो याच, शपथविधीच्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. मी विचारलं, मावशी, तू? म्हणाली, 'तुला नाही कळणार. आमच्या वेळी पोरगी कॉलेजला गेली तरी लोक खिडकीतून बघायचे.'

मी अजूनही माझ्या मतावर आहे. मावशी तिच्या.

निंबोळी

@बॅलन्सशीट, तुमच्या मावशींचं मला पटलं, आणि तुमचंही पटलं, हे एकाच वेळी होऊ शकतं का माहीत नाही.

मी एम. जे.ची, म्हणजे मूळजी जेठा कॉलेजची. ताईही तिथल्याच, आणि टेबल टेनिस खेळायच्या. आमच्या जिमखान्यातल्या मोडक्या टेबलाची जाळी सैल झालेली असायची आणि सर म्हणायचे, 'नीट खेळा गं, इथूनच गेलीय ती.' हे 2007 च्या आधीचं. तेव्हा त्या राज्यपालही नव्हत्या, तरी सर सांगायचे.

पण मला त्या महिन्यातला शब्दांचा वाद जास्त आठवतो. राष्ट्रपती म्हणायचं की राष्ट्राध्यक्षा? बाई 'पती' कशी? पेपरात पत्रव्यवहार, टीव्हीवर चर्चा. आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ रोज डबा उघडताना एक नवा विनोद करायचे, तो इथे लिहिण्यासारखा नाही. मी तिसऱ्या दिवशी विचारलं, 'सभापती चालतो, सेनापती चालतो, लखपती बाई चालते. मग इथेच का अडलं?' त्यानंतर ते गृहस्थ डबा दुसऱ्या टेबलावर खायला लागले.

माझा पक्ष: कोणताच नाही. पण डोक्यावरचा पदर न ढळता ती बाई सेनादलांची सलामी घेत होती तेव्हा मी उभी राहिले होते, एकटीच, घरात. पुरोगामी मैत्रिणी म्हणाल्या, पदराचं काय कौतुक? कौतुक पदराचं नव्हतंच. माझी आई पदर घेते म्हणून तिला बँकेत कोणी 'बसा' म्हणत नव्हतं, एवढंच.

इंद्रपुरीचा_पाहुणा

मध्ये बोलतो, माफ करा. अमरावती. ताई आमच्या सूनबाई, खासदार आमच्या, हिशोबाने निम्म्या आमच्या. खानदेशाने सगळा गुलाल एकट्याने उधळला तेव्हाही आम्ही काही बोललो नाही.

केळीचा_घड

@इंद्रपुरीचा_पाहुणा, माहेर ते माहेर. साडी-चोळी आमच्याकडून, बाकी तुमचं.

धुळेकर_आप्पा

मी उशिरा लिहितो, टायपिंग नातू करून देतो.

मराठी अस्मितेचा फार बोलबाला झाला म्हणून जुनी गोष्ट सांगतो. 1969. मी धुळ्याला कॉलेजात होतो. झाकीर हुसेन गेले आणि मध्येच निवडणूक लागली. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. त्यांच्या अर्जावर सही खुद्द इंदिराबाईंची, आणि नंतर बाईंनीच सांगितलं की सदसद्विवेकबुद्धीने मत द्या. म्हणजे व्ही. व्ही. गिरींना द्या.

तिसरा कोण उभा होता? चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावरून 1956 ला मंत्रिपदावर लाथ मारून आलेला माणूस. मराठी म्हणून यापेक्षा मोठं नाव सांगा. उभं कोणी केलं? जनसंघाने आणि स्वतंत्र पक्षाने. पहिल्या पसंतीची मतं: गिरी 4,01,515, रेड्डी 3,13,548, देशमुख 1,12,769.

कुठे गेला होता तेव्हा मराठी माणूस? एकाही मराठी काँग्रेसवाल्याला मी त्या वेळी 'चिंतामणराव आपले' असं म्हणताना ऐकलं नाही. मी स्वतः म्हटलं नाही, मी पक्का इंदिरावाला होतो. आमच्या खोलीत एक जनसंघी पोरगा राहायचा, तो म्हणाला, 'अरे, निदान मराठी म्हणून तरी!' मी त्याला हसलो होतो. 2007 ला मीच ताईंसाठी, निदान मराठी म्हणून तरी, असं लोकांना सांगत फिरत होतो. त्या पोराचा चेहरा मधूनच आठवायचा. तो वारला.

गिरी दुसऱ्या पसंतीच्या मोजणीत निघाले. 4,20,077 विरुद्ध 4,05,427. साडेचौदा हजारांचा फरक. तेव्हा रात्रभर रेडिओपाशी होतो. 2007 मध्ये तसं काहीच नव्हतं, दीडदोन महिने आधी सगळं ठरलेलं. तरी आमच्या गल्लीत भांडणं झाली. आपलं मानूस म्हटलं की आकडा कोन पाहतो!

आणि एक. खानदेश म्हणजे जळगावच, असं धाग्यावर चाललंय. धुळे पण शे, ध्यान ठेवा.

हतनूरकर

आप्पा, दंडवत. हे मी नानांना वाचून दाखवलं. (हो, आहेत, त्र्याऐंशीचे आहेत, कान गेलेत, पक्ष नाही गेला.) 'चिंतामणराव' ऐकताच उठून बसले. म्हणाले, 'त्या धुळ्याच्या माणसाला सांग, मी तेव्हा एदलाबादच्या बाजारात चिंतामणरावांचं नाव घेत फिरलोय. एक जण म्हणाला, कोण, आमच्या गावच्या देशमुखांपैकी का?'

मी विचारलं, मग 1969 ला तुम्ही मराठी माणूस म्हणून मत मागत होता ना? मग 2007 ला? तर पाठ करून झोपले. झोपेचं सोंग त्यांना कधीच जमलं नाही, पाय हलत राहतो.

बॅलन्सशीट

आप्पांचा मुद्दा सेनेला लावून बघा. 2007 ला ताई, ठीक, मराठी. पण 2012 ला भाजपशी युती असतानाच सेना प्रणव मुखर्जींच्या मागे गेली, ते कुठे मराठी होते? आणि 2022 ला उद्धव ठाकरेंनी विरोधी आघाडीत असताना द्रौपदी मुर्मूंना पाठिंबा दिला. तीन निवडणुका, तिन्ही वेळा आपल्या आघाडीच्या उलट. अस्मिता हे एका वेळचं कारण असेल, सवय मात्र जुनी दिसतेय.

घटना_कलम

सवय म्हणा किंवा सोय. या निवडणुकीत आघाडी न मोडता आघाडीला चिमटा काढता येतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकाच पंगतीला बसता येतं. तिसऱ्या आघाडीने 2007 ला कलामांचं नाव पुढे केलं, खात्री असेल तर उभा राहीन म्हणाले ते, खात्री कोणी देईना, मग तिसरी आघाडी तटस्थ. तोही चिमटाच.

तोरणमाळ

मी नंदुरबारचा, अक्राणी भागातला. आप्पा, धुळ्याच्याही पुढे खानदेश आहे, तेवढं तुम्हीपण ध्यानात ठेवा. :)

2007 मला आठवत नाही, शाळेत होतो. माझी निवडणूक 2022 ची. हतनूरकरांनी नानांचं जे लिहिलंय ते माझ्या बाबांचं जसंच्या तसं, फक्त पक्ष उलटा. बाबा कट्टर काँग्रेसवाले. आमच्या घरात इंदिराजींचा फोटो देवांच्या फळीवर आहे, आजीने लावलेला, धूप दोघांना एकच. आणि 2022 ला समोरच्या पक्षाने संथाळ बाई उभी केली, आमच्या पक्षाने यशवंत सिन्हांना पाठिंबा दिला.

बाबा महिनाभर बोललेच नाहीत. कोणी विचारलं की म्हणायचे, 'पक्षाने विचार करूनच ठरवलं असेल.' हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की माझी लहान पोरगी भातुकलीत म्हणायला लागली. निकालाच्या संध्याकाळी पाड्यावर ढोल वाजला. आम्ही संथाळ नाही, आमची बोली वेगळी, ओडिशा कुठे आणि सातपुडा कुठे. तरी ढोल वाजला. बाबा ओट्यावर बसून राहिले. थोड्या वेळाने मी बाहेर आलो तर ते चप्पल घालून ढोलाकडे निघाले होते. म्हणाले, 'ढोल चुकीचा वाजवताहेत, दाखवून येतो.' रात्री अकराला परत आले.

मुर्मूंना 6,76,803, सिन्हांना 3,80,177. त्या वेळी खासदाराचं मत 700 चं होतं, 708 चं नाही, कारण जम्मू-काश्मीरची विधानसभा नव्हती. हे बाबांनीच सांगितलं. आकड्यात सगळ्यांचे बाप हुशार दिसतात या धाग्यावर.

निंबोळी

'ढोल चुकीचा वाजवताहेत' आणि 'साखर घेतोय, मत नाही'. या दोघांची एकदा भेट घालून द्या कोणीतरी. मी भरीत आणते.

पण मला एक खटकतंय, विचारू का? ताई झाल्या, मुर्मू झाल्या, आपण नाचलो. बोदवडला पिण्याचं पाणी किती दिवसांनी येत होतं तेव्हा? माझी बहीण तिथे दिली होती, ती हंड्यांचे फोटो पाठवायची. राष्ट्रपती पाणी देत नाहीत हे मलाही कळतं. घटना_कलम यांनी कलम सांगू नये. पण गुलाल उधळणाऱ्यांपैकी एकाने तरी नळाचं नाव काढलं होतं का?

केळीचा_घड

काढलं होतं. आमच्या वडिलांनी आमदाराला विचारलं, 'आता तर राष्ट्रपती आपली, मग विजेची डीपी कधी बसणार?' त्यावर हशा झाला. डीपी दोन वर्षांनी बसली, ती जळली म्हणून.

हतनूरकर

निंबोळीताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, नाना द्यायचे पण ते भाषण होईल.

कॅलेंडरबद्दल एक राहिलं. सगळी राज्यं बघून झाल्यावर खाली कोपऱ्यात एक छोटा चौकोन दिसला. त्यात 'मु. नगर 175', शिसपेनने. आता गंमत बघा. आमची जागा तेव्हा 1990 पासून नानांच्याच पक्षाकडे होती. आमदार पक्षाचे. ते 175 निळ्या रकान्यात डोळे झाकून जायला हवेत. अख्खा गुजरात निळ्यात टाकलाय, मध्य प्रदेश टाकलाय, शंका नाही कसली. आणि घरचे 175 शिसपेनने, दोन्ही रकान्यांच्या बाहेर. एकूण बेरजेतही नाहीत, मी मोबाइलवर पुन्हा करून बघितली, बरोबर 175 कमी येतात.

काल रात्री जेवताना विचारलं. कानाशी ओरडून विचारावं लागतं, त्यामुळे आईनेही ऐकलं. 'नाना, आपल्या आमदारावर भरवसा नव्हता का तुमचा?'

'त्याच्यावर होता,' म्हणाले.

मग भाकरीचा तुकडा मोडत बसले. आईने वर न बघता त्यांच्या ताटात भरीत वाढलं, पुन्हा वाढलं.

केळीचा_घड

हतनूरकर, फोटो टाका हो त्या पानाचा. निदान तो कोपरा तरी.

हतनूरकर

तीनदा काढला. निळं येतंय, लाल येतंय, फाटलेलं पण येतंय. शिसपेन उमटतच नाही. उद्या अंगणात उन्हात धरून काढतो.